चमचाभर साखर

"पोट आत!"

गमरे सर भेटले की हाच त्यांचा नमस्कार. शाळेच्या गेटवर उशिरा आलेली मुलं असोत, खुद्द मुख्याध्यापक असोत, नाहीतर जिन्यातून सिलिंडर घेऊन चढणारा गॅसवाला असो, सर आधी पोटाकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात ते मलाही तेच म्हणाले. मग जीभ चावली. "सॉरी बाई. सवय लागलीय. तुम्ही नवीन दिसताय."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो होतो. शाळा मिठागरांच्या अंगाला होती. भराव टाकून केलेलं मैदान, कडेला खारट चिखल, आणि दुपारी बाराला डोळे दिपतील असे पलीकडचे मिठाचे ढीग. त्या मैदानावर पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा वेशात गमरे सर उभे असायचे. खेडजवळच्या एका गावातून त्यांचे वडील मुंबईत गिरणीत आले होते, नायगावच्या चाळीत सर वाढले आणि तिथल्याच आखाड्यात त्यांनी शरीर कमावलं. त्यांच्या बायकोला, शालिनीताईंना, मी शाळेत रुजू व्हायच्या आधीपासून ओळखत होते, कारण त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. त्यांचे 'हे' म्हणजे आमच्या शाळेचे पी.टी.चे सर, हे मला मागाहून कळलं.

सरांचा एक सिद्धांत होता. शरीर ऐकतं. सांगितलं की ऐकतं, नाही ऐकलं तर सांगणाऱ्याचं चुकलं. "वर्गातलं पोर ऐकत नाही तेव्हा मास्तर कुठेतरी कमी पडलेला असतो," असं ते स्टाफरूममध्ये म्हणायचे. आजारी पडून रजा घेणारा माणूस त्यांना मनापासून आवडत नसे. ते तोंडावर काही बोलायचे नाहीत. फक्त विचारायचे, "काय खाल्लं होतंत?"

त्यांना साखर आहे हे कळलं तेसुद्धा त्यांच्या स्वभावाला धरूनच. कुठल्याशा मंडळाने शाळेत मोफत तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. पालक लाजत होते, बायका मागे सरत होत्या. सरांनी शिट्टी वाजवून रांगा केल्या आणि भीड मोडावी म्हणून स्वतः सर्वांत आधी बाटली घेऊन आत गेले. संध्याकाळी यादी आली तेव्हा आमच्या साऱ्या शिक्षकांत एकट्या गमरे सरांच्या लघवीत साखर निघाली.

चार-सहा दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मैदानावर नुसती शिट्टी ऐकू यायची. मग एके दिवशी स्टाफरूममध्ये उभे राहून त्यांनी जाहीर करावं तसं सांगितलं, "मला डायबेटिस आहे. वडिलांना होता, त्यांच्याकडून आला. आला तो माझा दोष नाही. पण वाढला तर तो माझा दोष."

पुढची सगळी वर्षं ते या वाक्याला चिकटून राहिले.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी लघवी तपासायची पद्धत शिकवली. काचेच्या नळीत ते निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर सावध. पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर धडगत नाही. सर रोज सकाळी मोरीत बसून हा कार्यक्रम करायचे. खालच्या मजल्यावर वास यायचा, पण कुणी तक्रार केली नाही. शाळेत आले की मी विचारण्याआधीच सांगायचे, "आज निळा!" परीक्षेत पहिला आलेला मुलगा सांगतो तसं. हिरवा आला की दिवसभर गप्प, आणि संध्याकाळी मैदानाला जास्तीच्या फेऱ्या.

डब्यात नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की पेढा कपाळाला लावायचे आणि परत डब्यात ठेवायचे. मुलीच्या, मनीषाच्या लग्नात त्यांनी जिलबीचं ताट स्वतःच्या हातांनी वाढलं आणि बोटाला लागलेला पाक रुमालाला पुसला. शालिनीताई तेव्हा माझ्या शेजारी उभ्या होत्या. "बघितलंत? बोटसुद्धा चाटलं नाही," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक होतं आणि थोडी भीतीही होती.

त्यांच्या समोरच्या दारात जयंतीभाई राहायचे. त्यांचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा होता आणि त्यांनाही साखर होती. फरक इतकाच की जयंतीभाईंना साखरेचं काहीच वाटत नसे. सरांनी त्यांना सुधारायचं मनावर घेतलं. रोज पहाटे दार ठोठावायचं आणि मिठागराच्या बांधापर्यंत चालवत न्यायचं. जयंतीभाई धापा टाकत जायचे. परतताना सर शाळेकडे वळले की हे नाक्यावरच्या फरसाणवाल्याकडे उभे. एकदा मीच त्यांना फाफडा-जलेबीसकट पकडलं.

"बेन, सरला नाय सांगायचा हं," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "चालून चालून भूक लागते ने!"

सरांना ते कळलंच. जिन्यात त्यांनी जयंतीभाईंना असं काही झापलं की तिन्ही मजल्यांनी ऐकलं. "आप मरोगे, जयंतीभाई! अपने हाथ से मरोगे! फिर मेरे पास मत आना!" जयंतीभाई हात जोडून हसत उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दार ठोठावलं गेलं आणि दोघं पुन्हा बांधाच्या दिशेने निघाले.

कधीतरी नव्वदनंतर सरांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्या थांबल्या. सरांना वाटलं, बरं झालं. ते मे महिन्याच्या शिबिरात मुलांना भर दुपारी मैदानावर घ्यायचे आणि स्वतः बूट काढून तापलेल्या जमिनीवर उभे राहायचे. मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची. सर हलायचे नाहीत. "कमवावे लागतात तळवे! मला काही होत नाही, बघा!" म्हणायचे. आम्ही खिडकीतून बघत असायचो आणि आम्हाला त्यांचं कौतुक वाटायचं. त्यांना काही होत नाही म्हणजेच काहीतरी झालंय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नाक्यावरचे डॉक्टर नळीचा रंग विचारायचे, गोळ्या लिहून द्यायचे. बूट काढा, असं सरांना कधी कुणी म्हटलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या आधीची तालीम चालू होती. सुतारांनी स्टेज उभारलं होतं. आठवीच्या मुली कवायतीला उभ्या होत्या आणि सर त्यांच्यासमोर पाठमोरे चालत ठेका देत होते, एक-दोन, एक-दोन. मुलींचे हात हळूहळू थांबायला लागले. पुढच्या रांगेतली एक रडवेली झाली. मी वऱ्हांड्यात होते. मैदानावर फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषेवर तांबडे ठसे उमटत चालले होते, सरांच्या प्रत्येक पावलागणिक एक.

"सर, पाय!" मी ओरडले.

त्यांनी खाली बघितलं. उजव्या बुटाच्या तळात सुताराचा मोठा खिळा पार घुसला होता. कधी घुसला होता कोण जाणे. ते पायरीवर बसले, शिपायाकडून पक्कड मागून घेतली आणि आमच्या डोळ्यांदेखत खिळा उपसला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"दुखत नाही हो बाई," ते मला म्हणाले. मग मुलींकडे वळून, "बघितलंत? याला म्हणतात शरीर! चला, पहिल्यापासून!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ते सव्वीस जानेवारीला उभे राहिले. झेंडावंदन होईपर्यंत एका जागी ताठ. पुढे महिनाभर ते नियमित शाळेत येत होते, 'आज निळा' म्हणत होते, आणि मोज्याच्या आत ते पाऊल काळं पडत चाललं होतं. शालिनीताईंना आधी वास आला. त्यांना वाटलं बाल्कनीत घूस मेली. त्यांनी बाल्कनी धुतली, मग माळा उपसला, आणि शेवटी त्यांना बुटांचा वास कळला.

मुंबईच्या इस्पितळात आधी बोटं काढली. मग गुडघ्याखाली पाय.

मी भेटायला गेले त्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण त्यांच्या कॉटशी उभी होती. सरांच्या मनीषाच्याच वयाची असेल. सर तिला पुन्हा पुन्हा नळीचा रंग सांगत होते.

"काका, लघवीत उतरली नाही म्हणजे रक्तात साखर नाही, असं नसतं," ती सावकाश म्हणाली. "काहींची रक्तात खूप वाढली तरी लघवीत दिसत नाही."

"मग मी इतकी वर्षं काय बघत होतो?"

"तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत. त्याच्यामुळे इतकी वर्षं निभावलं. पण काही वेळा काका, सगळं नीट करूनही होतं."

ती पुढच्या कॉटकडे गेली. सर छताकडे बघत होते. "सगळं नीट करूनही," ते म्हणाले. "असं कसं होईल, बाई? मग मी पोरांना एवढी वर्षं काय सांगितलं?"

मी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि तो तसाच निवला.

घरी आल्यावर सरांनी चौकशी सुरू केली. कॉटवर बसून ते एकेक वर्ष मागे जायचे. खेडला चुलत्याच्या घरी कालवणात गूळ होता का? मनीषाच्या लग्नात ताक प्यायलो, ते गोड होतं का? दूधवाला काही मिसळतो का? कुणी भेटायला गेलं की त्यालाही ते साक्षीला धरायचे. नाक्यावरच्या डॉक्टरांना निरोप धाडून गोळ्या खऱ्या होत्या का, हेही त्यांनी विचारून घेतलं. सगळीकडून नाही, नाही असंच येत गेलं. मग ते बायकोपाशी येऊन थांबले.

मी साडी टाकायला गेले होते. शालिनीताई मशीनवर होत्या.

"शालिनी, मी रागावणार नाही," सर म्हणाले. "खरं सांग. चहात कधी घातलीस?"

"अहो, कितीदा विचारणार? नाही म्हणून सांगितलं ना."

"एखाद्या दिवशी? चुकून?"

"नाही."

"मग कुठून आलं हे?" त्यांनी चादरीवर, जिथे पाय नव्हता तिथे, थाप मारली. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता असं नाही, पण असा चिरका कधी ऐकला नव्हता. "माझं कुठे चुकलं ते तरी सांगा कुणीतरी! रात्रभर मी तेच शोधतोय. झोप नाही मला. काहीतरी मी केलंच असणार. काय केलं मी?"

मशीनचं चाक थांबलं. शालिनीताईंनी सुईखालचं कापड काढून नीट घडी केली.

"घालायचे मी," त्या म्हणाल्या. "कधी कधी. चमचाभर. तुमचं ते कडू तोंड बघवायचं नाही मला."

समोरच्या दारात कुकरची शिट्टी झाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

मला वाटलं, आता हे ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांचे खांदे सैल पडले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि कवायतीत नेमकी कुठल्या रांगेची चूक होते ते सापडल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा, तसा चेहरा झाला.

"बघा बाई," ते मला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? कारण असतं."

त्या रात्री ते आडवे पडले ते सकाळीच उठले, असं दुसऱ्या दिवशी शालिनीताईंनी मला सांगितलं. खाली टँकर आला होता. तेव्हा आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, आणि त्याचाही भरवसा नाही. आम्ही दोघी हंडे घेऊन जिना चढत होतो.

"ताई, खरंच घालायचात?" मी विचारलं.

त्यांनी हंडा पायरीवर टेकवला. "आमच्या घरात साखर असायची का कधी? पाहुणे आले की वाटी घेऊन मी तुमच्याचकडे यायचे ना?"

यायच्या खऱ्या.

"कारण हवं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "दिलं." आणि पदर खोचून हंडा उचलला.

झोप लागली, पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. त्या दिवसापासून सरांनी बायकोच्या हातचं खाणं सोडलं. कॉटशेजारी स्टुलावर रॉकेलचा स्टोव्ह मांडून घेतला आणि आपली भाकरी, आपला चहा आपण करायला लागले. रागाने नाही, अगदी शांतपणे. शालिनीताईंनी पीठ मळून दिलं तर तेही बाजूला सारायचे. भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, "तिने प्रेमापोटीच केलं. पण घात झाला." गोष्ट बिल्डिंगभर झाली. बायका त्यांच्याकडे साड्या टाकायला आल्या की जरा जास्तच हळू आवाजात बोलू लागल्या. मनीषा कल्याणहून आली, आईशी एक शब्द बोलली नाही आणि बापाचे कपडे धुऊन निघून गेली.

जयंतीभाई एकदा सरांच्या कॉटजवळ येऊन बसले. मी तिथेच होते. बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले आणि एकदम त्यांना रडू कोसळलं. "सर, मैंने तो सब खाया. जलेबी खाया, बासुंदी खाया. मेरे दोनों पाँव सलामत हैं. आपने कुछ नहीं खाया. ये कैसा इन्साफ है?"

सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आपकी घरवाली ने आपको फसाया नहीं, जयंतीभाई."

शालिनीताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. जयंतीभाईंनी वर बघितलं आणि परत खाली मान घातली. शालिनीताईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

मीच त्यांच्या मागे लागले. म्हटलं, ताई, आता सांगून टाका. तुमची मुलगी तुटली. त्या बरेच दिवस नको म्हणत राहिल्या. एका रविवारी मला बरोबर घेऊन त्यांनी सांगितलं.

"अहो, मी खोटं बोलले होते. कधी घातली नव्हती साखर. तुम्हाला झोप नव्हती म्हणून म्हटलं मी तसं."

सर हसले. पूर्वीसारखं मोठं नाही, समजुतीचं हसले. "आता मला बरं वाटावं म्हणून असं म्हणतेस ना? राहू दे. मी कधीच माफ केलंय तुला."

"सर, मी सांगते," मी म्हटलं. "यांच्या घरात साखर नसायची. पाहुणे आले की माझ्याकडून न्यायच्या."

"बघा," सर म्हणाले, "म्हणजे आणायची ती तुमच्याकडून."

शालिनीताई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही त्यांच्याकडे. त्यांनी मशीनवर ठेवलेली कुणाची तरी हिरवी साडी उचलली आणि तिचा फॉल उसवायला घेतला.

दोनेक वर्षांनी डाव्या पायालाही जखम झाली. रोज ड्रेसिंग, पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवायचं, खाली उतरायचं म्हटलं की माणसं गोळा करायची. मनीषाच्या नवऱ्याने दोघांना कल्याणला न्यायचं ठरवलं. तिकडे तळमजल्याची खोली होती. गमरे सर तिथेच वर्षभराने गेले, मला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इथून जाताना.

खाली टेम्पो उभा होता. सरांना लाकडी खुर्चीवर बसवून जयंतीभाईंच्या गाळ्यातल्या चार कारागिरांनी खुर्ची उचलली होती. जिना अरुंद, वळणावर कठडा तुटून सळया बाहेर आलेल्या. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते आणि मैदानावर द्यायचे तशा सूचना देत होते. "सावकाश. डावी बाजू वर. हां, आता वळवा." त्यांच्यापुढे शालिनीताई उलट्या पावलांनी जिना उतरत होत्या. कठड्याला लागू नये म्हणून त्यांनी सरांचं ते पट्टी बांधलेलं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं. मागची पायरी दिसत नव्हती, चाचपत चाचपत उतरत होत्या.

"ताई, बाजू हटो, गिर जाओगे," एक कारागीर म्हणाला.

त्या हटल्या नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, माझ्या दारासमोर, खुर्ची क्षणभर टेकली. सर माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली आणि पायावरचे हात त्यांना दिसले. किती वेळापासून ते तिथे होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"शालिनी, हात काढ," ते म्हणाले. "चेंगरेल तुझा."

"असू दे," त्या म्हणाल्या.

कारागिरांनी खुर्ची पुन्हा उचलली आणि त्या सगळ्यांच्या पुढे, तशाच उलट्या पावलांनी, खालच्या पायरीवर उतरल्या.